पाठीवरचे वैरी

केजकर मॅडम माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या चष्मा करायला नव्हे, माझ्यावर आरोप ठेवायला. उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीत खाली माझं चष्म्याचं दुकान आणि वरच्या मजल्यावर त्यांचा कातडीच्या रोगांचा दवाखाना. त्या नव्यानं आल्या तेव्हा काही दिवस जिन्यात नुसती मान हलवून नमस्कार चालला होता. मग एका दुपारी ही ठेंगणी, सडपातळ बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही कापडी पट्ट्याचं, कानात-गळ्यात काही म्हणजे काही नाही. त्यांनी पर्समधून एक फ्रेम काढली. ती माझ्याच दुकानातली होती. मग दोन बारक्या बाटल्या काढल्या, कापसाच्या बोळ्यावर दोन्हींतला थेंब थेंब टाकला आणि तो बोळा फ्रेमच्या काडीवर घासत राहिल्या. बोळा गुलाबी झाला.

"निकेल," त्या म्हणाल्या. "ही फ्रेम तुम्ही ज्या बाईंना दिलीत त्यांच्या कानामागं चरे पडलेत. पाणी गळतंय."

"मॅडम, बाहेरच्या देशातला माल आहे," मी म्हणालो.

"असेल. म्हणून काय निकेल विमानतळावर उतरून राहिलं?"

त्या दिवशी त्यांनी माझ्या दुकानातल्या धातूच्या सगळ्या फ्रेमा तपासल्या. गिऱ्हाइकं उभी राहून तमाशा बघत होती आणि मी मनातल्या मनात चरफडत होतो. गुलाबी निघालेल्या फ्रेमा त्यांनी एका बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "ह्या विकू नका असं मी म्हणत नाही. ज्याला चालतात त्याला चालतात. पण कानातलं घातल्यावर खाजतं का, एवढं विचारून विका." मी आजही विचारतो. बायकांना चष्मेवाल्यानं कानातल्याची चौकशी केलेली विचित्र वाटते, पण विचारतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी पेशंट संपले की मॅडम खाली येऊन बिनदुधाचा चहा घ्यायच्या. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, मी त्यांच्यासाठी कायम 'चष्मेवाले'च राहिलो. आता त्या नाहीत. वर दातांचा दवाखाना आलाय, आणि संध्याकाळचा चहा मी एकटाच घेतो, दूध घालून.

'ॲलर्जी' हा शब्द मॅडमना आवडायचा नाही. त्या 'वैर' म्हणायच्या. "पोटात काही गडबड नाही, रक्त नासलेलं नाही, उष्णता नाही न् पित्तही नाही. तुमच्या कातडीचं कुणाशी तरी वैर आहे. कुणाशी ते शोधू," असं त्या प्रत्येक पेशंटला सांगायच्या. आणि शोधायची त्यांची रीत म्हणजे पिशवी. पहिल्या भेटीत औषध थोडकंच मिळायचं, हुकूम मात्र मिळायचा: पुढच्या वेळी येताना दिवसभरात ज्याला ज्याला हात लागतो ते सगळं पिशवीत घालून आणा. त्यामुळे आमच्या जिन्यातून कायम बाजार केल्यासारखी माणसं चढायची. कुणाच्या पिशवीत चपला आणि भांडी घासायची पावडर, कुणाच्या पिशवीत विळीची मूठ, अत्तराची कुपी, केस काळे करायची पुडी. एका गवंड्यानं कागदात बांधून सिमेंट आणलं होतं. मॅडम सगळं टेबलावर ओतायच्या आणि भाजीवालीनं वांगी निवडावीत तसं एकेक उचलून बघायच्या.

बऱ्याचदा चोर नेहमीचेच निघायचे. कपाळावरचं कुंकू बदनाम व्हायचं आणि खरा गुन्हेगार असायचा टिकलीमागचा डिंक. लग्नसराईत खोट्या दागिन्यांचे गळे यायचे. काळ्या मेंदीनं सुजलेले डोळे घेऊन नवरदेव यायचे आणि "मी केस रंगवत नाही" असं आईसमोर शपथेवर सांगायचे. चपलेच्या पट्ट्याची अख्खी नक्षी पावलावर उमटलेली असली तरी माणूस म्हणायचा, पाणी लागलंय. आणि मॅडमचा सगळ्यात लाडका गुन्हेगार म्हणजे मलम. खाज सुटली म्हणून मेडिकलमधून आणलेलं मलमच बाधायचं, मग खाज वाढायची, मग माणूस तेच मलम आणखी चोपडायचा. "चोराला राखणीला बसवलंय आणि वर त्याचा पगार वाढवलाय," मॅडम म्हणायच्या, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन चहाचा घोट घ्यायच्या.

पण नुसत्या संशयावर त्या कुणाला दोषी धरत नसत. त्यासाठी पाठ लागायची. एकेक संशयित कणभर घेऊन बारक्या गोल चकत्यांत भरायचा, चकत्यांची चिकटपट्टी पेशंटच्या पाठीवर लावायची आणि दोन दिवस ती तशीच ठेवायची. तोवर आंघोळ नाही, घाम काढणारं काम नाही. मग पट्टी काढून बघायचं, कुठल्या चकतीखाली कातडी लाल होऊन फुगली. आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं, कारण काही वैरी उशिरा तोंड दाखवतात. पहिल्या नजरेत काहीही दिसलं तरी मॅडम एक अक्षर बोलायच्या नाहीत.

ह्या पट्टीपायी एकदा मोठी गंमत झाली. दिवाळीच्या तोंडावर एका रिक्षावाल्याला पट्ट्या लावल्या होत्या. आंघोळ करायची नाही हे मॅडमनी, नर्स सलमानं आणि जिन्यात भेटलो म्हणून मीही त्याला बजावलं होतं. ठरल्या दिवशी हा गडी हजर झाला तो पाठ आरशासारखी चकाकत, उटण्याचा घमघमाट, आणि पट्ट्या रुमालात गुंडाळून हातात.

"हे काय?" मॅडम किंचाळल्या. मला खाली ऐकू आलं, मी वर धावलो.

"म्याडम, पाडवा होता. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालती. तिला कसं म्हनू नको म्हनून? वर्साचा सन हाय, रुसली आस्ती ना."

"पट्ट्या का काढल्यास?"

"मी नाय काढल्या. तिनं काढल्या. म्हनली, त्येलाच्या आड यायल्यात."

सलमा तोंडाला ओढणी लावून म्हणाली, "मॅडम, जाने दो. बीवी के तेल के आगे अपनी पट्टी कहाँ टिकेगी." मॅडम आधी लालबुंद झाल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. तेव्हापासून दिवाळीत पाठीवर पट्टी लावणं बंद झालं. त्याच्या बायकोला मात्र त्यांनी बोलावून घेतलं आणि तेलाचीही एक पट्टी लावून घेतली नवऱ्याच्या पाठीला. न जाणो, तेच वैरी निघालं तर पुढच्या पाडव्याला घरात महाभारत व्हायचं. तेल निर्दोष सुटलं.

असं सगळं हसतखेळत चाललेलं मी सांगतोय, पण मॅडमचा स्वभाव गोड नव्हता. त्यांना खोटं खपायचं नाही, आणि पेशंट खोटं बोलतो ही त्यांची पक्की खात्री होती. केस रंगवणारे, मलमं लपवणारे, पिशवीतून नेमकी वस्तू घरी ठेवून येणारे एवढे बघितले होते की समोरचा खरं सांगतोय ही शक्यता त्या शेवटी विचारात घ्यायच्या. ह्याच खोडीनं रंगनाथआबांच्या बाबतीत घात केला.

रंगनाथआबा कन्नडकडचे शेतकरी. बायको वारलेली, मुलगा संतोष शहरात कंपनीत नोकरीला. चेहरा, पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या एवढीच कातडी काळी पडून जाड झालेली, अंगातल्या सदऱ्याखाली मात्र सगळं स्वच्छ. रात्ररात्र खाजवायचे. गावात कुणी म्हणायचं ऊन बाधलं, कुणी आणखी काही. मॅडमनी पाठीवर पट्ट्या लावल्या आणि गाजरगवताच्या चकतीखाली कातडी फोडासारखी वर आली. बांधावर, रस्त्याकडेला, मोकळ्या जागेत जिकडंतिकडं माजतं ते पांढऱ्या फुलांचं गवत. त्याची पूड वाऱ्यावर उडते आणि उघड्या अंगावर बसते.

मॅडमनी एका वाक्यात निकाल दिला. "शेत सोडा."

"सोडा म्हंजी?"

"मुलाकडं येऊन राहा. तिथं राहाल तोवर हे जाणार नाही, आणि असंच वाढत राहिलं तर पुढं फार अवघड जाईल."

आबांनी पुन्हा विचारलं नाही. जमीन चुलत पुतण्याला, भागवतला, बटईनं, पिकाच्या वाट्यावर, कसायला दिली, बैल विकले आणि ते संतोषच्या फ्लॅटवर राहायला आले. औषधासाठी यायचे तेव्हा वर नंबर लागेपर्यंत माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसायचे. चष्म्याच्या दुकानात बसून समोरच्या रस्त्यावरची वाहनं बघायची, ह्यापलीकडे त्यांना ह्या शहरात काही काम नव्हतं. मी पेपर वाचत असलो की हळूच विचारायचे, "कन्नडकडं पाऊस झाला का वो?" झाला म्हटलं तरी चेहरा पडायचा आणि नाही म्हटलं तरी पडायचा.

आणि त्यांचा त्रास काही कमी होत नव्हता. औषधानं दोन आठवडे बरं वाटायचं, मग पुन्हा पापण्या सुजायच्या. असं करता करता तीन वर्षं गेली. मॅडमचा धीर सुटत चालला होता, कारण चाचणी खरी होती, सल्ला पाळला जात होता, मग गुण का येऊ नये? त्यांच्या हिशेबात ह्याचं एकच उत्तर होतं.

त्या दिवशी मी संतोषच्या मदतीला वर गेलो होतो, पापण्या सुजून नीट दिसत नसलेल्या आबांना जिना चढवायला. मॅडमनी आबांचा हात हातात घेतला आणि नखं भिंगाखाली धरली.

"माती आहे ही. तुम्ही चोरून शेतावर जाताय."

"नाय म्याडम. देवाशप्पत नाय."

"मग माती कुठली?"

आबांनी हात मागं ओढून घेतला. चेहरा ओशाळला. "माती हाय, व्हय. पन ती गावची नाय," एवढंच म्हणाले.

"खोटं बोलणाऱ्या माणसावर मला माझा वेळ घालवायचा नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि उठले. चिडलेही नाहीत. मला मॅडमचा असा राग आला होता की त्या संध्याकाळी चहा सांगायचाच नाही असं ठरवलं. त्या आल्या तेव्हा मी स्पष्ट म्हणालो, "मॅडम, त्या माणसाला खोटं बोलता येत असतं तर तो कधीच गावी गेला असता."

त्यांनी पर्स खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "तुमची गाडी आहे ना? चला. सापडला तर रंगेहाथ सापडेल."

मॅडम कधी कुणा पेशंटच्या घरी जात नसत. त्या गेल्या त्या चोर पकडायला, हे मी मुद्दाम सांगतो. संतोषचा फ्लॅट शहराच्या कडेला, नव्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. सुनेनं दार उघडलं, गडबडून पाणी आणलं. आबा कुठं विचारल्यावर तिनं बाल्कनीकडं बोट केलं.

बाल्कनीत कुंड्या होत्या. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ, जे मिळेल त्यात माती भरून लावलेली शेवंती आणि झेंडू. आबा उकिडवे बसून बोटांनी माती मोकळी करत होते. आम्हाला बघून दचकून उभे राहिले आणि हात धोतराला पुसले.

"सूनबाई आनती बाजारातून रोपं," ते म्हणाले. "लाज वाटती म्हनून बोल्लो नाय. एवडा बाप्या मानूस, न् डब्यात श्येती करतो."

मॅडमनी एक शेवंतीचं पान चुरडून बघितलं. मला तेव्हा काही कळलं नाही, नंतर त्यांनी सांगितलं: शेवंती, झेंडू आणि गाजरगवत एकाच कुळातली. एकाशी वैर असलं की पुष्कळदा भावकीशीही असतं. पण त्या क्षणी त्यांची नजर कुंड्यांवर नव्हतीच. कठड्यापलीकडं एक मोकळा प्लॉट होता, कुणीतरी घेऊन ठेवलेला, आणि तो कमरेएवढ्या गाजरगवतानं भरलेला होता. वाऱ्यानं सगळी पांढरी फुलं हलत होती. वारा आमच्याकडंच येत होता.

मॅडम तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. सुनेनं दिलेलं पाणी त्यांनी हातात धरलं, प्यायल्या नाहीत. आम्ही परत निघालो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "चष्मेवाले, तो खरं सांगत होता."

सिग्नल सुटला.

"पाठ बरोबर वाचली मी. माणूस वाचलाच नाही. गवत कुठं नाही ह्या शहरात? शेत सोडा म्हणताना त्याला कुठं पाठवतेय हे उठून बघायला पाहिजे होतं. गवतासाठी माणूस हलवला मी. माणसासाठी गवत हलवायचं होतं."

त्या आठवड्यात त्यांनी संतोषकडून भागवतचा नंबर घेतला. आबांना परत गावी पाठवायचं असेल तर घराभोवतीचं, विहिरीवरचं आणि बांधावरचं गवत फुलावर यायच्या आत मुळासकट निघालं पाहिजे, आणि दर पावसाळ्यात निघालं पाहिजे. त्यांनी भागवतला सांगितलं, मजूर लाव, मजुरी मी देते. खरं तर आबा परत आले तर भागवतची बटई जाणार होती. मला वाटलं तो टाळाटाळ करील. तो फोनवर म्हणाला, "मजूर कशाला म्याडम? इर्जिक घालू. काकाचं काम हाय." एकाच्या शेतात सगळ्या गावानं एक दिवस राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ही जुनी रीत. भागवतनं ती पेरणी-कापणीसाठी नाही, गवतासाठी घातली.

आषाढ सरता सरता एका रविवारी मी मॅडमना घेऊन वेरूळ मागं टाकून कन्नडच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर आबा आणि संतोष. आबा सबंध रस्ताभर खिडकीतून कुणाची मका केवढी झालीय ते सांगत होते. आम्ही पोचलो तेव्हा बायाबापड्यांसकट निम्मं गाव बांधावर जमलेलं. मॅडमनी आधी सगळ्यांना हातात जुने पायमोजे आणि त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या, तोंडाला फडकी बांधायला लावली. माणसं एकमेकांना बघून खिदळत होती. एक म्हातारी म्हणाली, "गवताला हात लावायचा का गवताचं बाळातपन करायचं?" मॅडमही हसल्या, पण पिशवी बांधल्याशिवाय एकालाही वाकू दिलं नाही.

आबांना त्यांनी लांब, वारा ज्या दिशेनं येत होता तिकडं, विहिरीपलीकडं बसवलं. ते तिथून ओरडून सांगायचे, "भागवत, गोठ्यामागं बघ, तिथं लई हाय!" आणि मॅडम त्यांना ओरडून सांगायच्या, "तोंड झाका आधी!" दुपार टळेपर्यंत बांध, पाऊलवाट, विहिरीचा काठ सगळं निघालं. उपटलेल्या गवताचा खड्ड्यात ढीग घालून वर माती लोटली. मग हातपाय धुऊन पंगत बसली. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा.

वाढणं सुरू झालं तशा मॅडम उठून उभ्या राहिल्या. पंगत थांबली.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "रंगनाथआबांना शेत मी सोडायला लावलं. त्याची गरज नव्हती. वर मी त्यांना खोटं ठरवलं. तीन वर्षं त्यांची गेली, ती माझ्यामुळं गेली. हा आजार मुळातून जाणार नाही, काळजी घ्यावीच लागेल, अंग झाकून फिरावं लागेल. पण त्यांनी इथं राहायला पाहिजे होतं. आबा, माझी चूक झाली."

डॉक्टरनं अशी चूक कबूल केलेली त्या पंगतीत कुणी बघितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही. मला भीती वाटली की आबा आता त्यांचे पाय धरतील न् मॅडमना ते सोसणार नाही. संतोष खाली मान घालून बसला होता. भागवतच्या हातातलं वाढणं तसंच राहिलं.

आबा मात्र शेताकडं बघत होते. विहिरीपलीकडचा तुकडा भागवतनं ह्या साली मोकळाच ठेवला होता. तिकडं त्यांनी हात केला.

"म्याडम, गेलं ते गेलं. त्यो तुकडा दिसतो का? तिथं म्या रब्बीला करडई घ्यायचो. औंदा काय घिऊ?"

मॅडमनी डोळे पुसले, आणि पट्टी काढून पाठ वाचताना यायची ती आठी त्यांच्या कपाळावर आली.

"करडई नको. तीही त्या गवताच्या भावकीतली. सूर्यफूलही नको."

"मंग?"

"बाकी काहीही घ्या," मॅडम म्हणाल्या. "ज्वारी घ्या, हरभरा घ्या, गहू घ्या. आबा, तुम्हाला वाटेल ते पेरा."